उदकदान : गेलेल्या लेकराच्या नावे, येणाऱ्या लेकरांसाठी

॥ श्री ॥



श्रींच्या दर्शनास आलेला भाविक प्रथम नदीकडे वळतो. हातपाय धुवावेत, स्नान करावे, मग ओलेत्याने महाद्वारात यावे, ही आपली परंपरा. पंढरीस चंद्रभागा, आळंदीस इंद्रायणी, पैठणास व नाशिकास गोदावरी, नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेचा संगम. महाराष्ट्रातील कितीतरी क्षेत्रे नदीच्या काठीच वसली आहेत. यात्रेकरूंच्या या गर्दीत काही दांपत्ये अशी असतात की जी देवापाशी काहीही मागण्यास आलेली नसतात. देणगी कक्षापाशी पावती लिहिताना लिपिक नाव विचारतो आणि मातापिता क्षणभर थांबतात. नावाच्या आधी 'चि.' लिहावयाचे की 'कै.', हे त्यांच्या तोंडून निघत नाही. अशा भाविकांसाठी आणि त्यांच्या दुःखाचा मान राखू इच्छिणाऱ्या सर्व दानशूर सज्जनांसाठी हे निरूपण आहे.

ज्यास उदक सांगितले नाही

आपल्याकडे गेलेल्या माणसास उदक देण्याची रीत आहे. पित्यामागे पुत्र तर्पण करतो, वर्षश्राद्ध करतो, पितृपक्षात नाव घेतो. दुःखास काहीतरी करावयास मिळते, त्या करण्यात मन थोडे स्थिरावते. परंतु बालकाच्या बाबतीत शास्त्राने निराळे सांगितले आहे. दोन वर्षांच्या आतील बालकास अग्नी न देता भूमीत ठेवावे व त्यास उदक देऊ नये, असे याज्ञवल्क्यस्मृतीत म्हटले आहे. त्याहून थोड्या मोठ्या परंतु उपनयन न झालेल्या मुलांसाठीही विधी आटोपशीरच आहेत. लहान जीव निर्मळ असतो, त्यास कसले ऋण फेडावयाचे नसते, असा याचा भाव परंपरेने सांगितला जातो.

शास्त्राचा हा भाव थोर आहे. तरीही मातापित्यांची ओंजळ रिकामी राहते, ही गोष्ट खरी. क्रम उलटला आहे. ज्याने आपणास उदक द्यावयाचे, तोच आधी गेला. आता त्याच्यासाठी करावे तरी काय, हा प्रश्न घेऊन ती दांपत्ये देवाच्या दारी येतात. या प्रश्नास धर्माकडे उत्तर आहे आणि ते दानाच्या मार्गाने जाते. मात्र त्याआधी एक कथा ऐकावी.

प्रभासक्षेत्रीची लाट

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात श्रीकृष्ण-बलरामांच्या गुरुगृहवासाची कथा आहे. अवंतीनगरीत सांदीपनी ऋषींपाशी दोघांनी चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला आत्मसात केल्या. निघताना गुरुदक्षिणा काय देऊ, असे त्यांनी विचारले. ऋषींनी पत्नीशी विचार केला. साक्षात् भगवंत समोर उभा असता त्या दोघांनी राज्य मागितले नाही, धन मागितले नाही, मोक्षही मागितला नाही. प्रभासक्षेत्री समुद्रात बुडून गेलेला आपला मुलगा त्यांनी मागितला.

पुढे श्रीकृष्ण समुद्रतीरी गेले. तुझ्या मोठ्या लाटेने गिळलेला गुरुपुत्र परत दे, असे त्यांनी समुद्रास सांगितले. शंखरूपी असुराचा वध झाला, परंतु त्याच्या उदरात बालक नव्हते. तोच पांचजन्य शंख घेऊन ते यमाच्या संयमनी नगरीस गेले, द्वारी शंखनाद केला आणि मुलास परत आणून गुरूंच्या हाती दिले.

या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ते बालक बुडाले ते ठिकाण प्रभास होते. सोमनाथाचे सान्निध्य लाभलेले, पुराणप्रसिद्ध तीर्थ. मुलगा ऋषिकुळातील, आईबाप तपस्वी, स्थान पवित्र. तरीही लाट आली आणि त्यास घेऊन गेली. तीर्थाचे पाणी पापे धुते ही आपली श्रद्धा आहे, पण तेथेही पाण्याची ओढ असते, खोली असते, शेवाळ असते. देवाच्या दारी माझ्या मुलास काय होणार, असे मानून निर्धास्त राहणे ही भक्ती नव्हे. भागवतकारांनी ही गोष्ट आपणापासून लपवलेली नाही.

दुसरी गोष्ट देवकीमातेची. गुरुपुत्र परत आल्याची वार्ता तिने ऐकली आणि कंसाने मारलेले आपले सहा पुत्र दाखव, असे तिने श्रीकृष्णास विनविले. ज्या आईच्या पोटी भगवंत आला, तिलाही गेलेल्या लेकरांचा विसर पडला नव्हता. इतकी वर्षे लोटली होती, घरी सर्व सुखे होती, तरी तिच्या मनात ती सहा मुले होतीच. श्रीकृष्णांनी सुतल लोकातून त्यांना आणले. तिने त्यांना मांडीवर घेतले, स्तनपान दिले आणि मग ती बालके स्वर्गास गेली. तिच्यापाशीही ती राहिली नाहीत.

म्हणून शोक करणाऱ्या मातेस 'तुझी श्रद्धा कमी पडते' असे कोणीही म्हणू नये. तीर्थात मृत्यू आला म्हणजे मुक्तीच मिळाली, देवाला आवडला म्हणून त्याने नेला, पूर्वजन्मीचे काही असेल, असली वाक्ये सांत्वनासाठी गेलेल्यांच्या तोंडून सहज निघतात. बोलणारा हलका होऊन घरी जातो आणि ऐकणारीच्या उरावर दगड राहतो. 'तुम्ही लक्ष कसे ठेवले नाही' हे वाक्य तर त्याहून कठोर. जवळ बसावे, मुलाचे नाव घ्यावे, त्याची आठवण निघाली तर ऐकावी. सांदीपनींच्या पत्नीला कोणी उपदेश केल्याचे भागवतात नाही. तिचे मागणे तेवढे ऐकून घेतले गेले.

पूर्तकर्म आणि घाटाची पायरी

आता दानाविषयी. आपल्या धर्मशास्त्रात इष्ट आणि पूर्त अशी दोन कर्मे सांगितली आहेत. यज्ञयागादी कर्म ते इष्ट. विहीर, तलाव, पाणपोई, धर्मशाळा, अन्नछत्र, देवालय, वृक्षांची लागवड हे पूर्त. पूर्तकर्माचा विशेष असा की त्याचा लाभ अनोळखी माणसास होतो. कोणाच्या तरी तहानेला ते पाणी उपयोगी पडते आणि पिणारा कोण आहे हे देणाऱ्यास कधीच कळत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे ते हेच: योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य व्यक्तीस, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देणे हे आपले कर्तव्य म्हणून दिलेले.

या मार्गाने चाललेली एक थोर माता महाराष्ट्रास ज्ञात आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म १७२५ साली चौंडी येथे झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले आणि १७६७ मध्ये एकुलता एक पुत्र मालेराव गेला. उतारवयात नातू, जावई आणि पाठोपाठ कन्या मुक्ताबाई यांचाही वियोग त्यांना पाहावा लागला. पुत्र गेला त्याच वर्षी राज्याचा भार त्यांच्या शिरावर आला आणि १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, म्हणजे देहावसानापर्यंत, तो त्यांनी वाहिला. या अठ्ठावीस वर्षांत खासगी उत्पन्नातून त्यांनी देशभर देवालये, धर्मशाळा, विहिरी, बारवा आणि घाट बांधले. महेश्वरी नर्मदेचा घाट आजही उभा आहे. काशीस गंगेकाठी त्यांच्या नावाचा घाट आहे. आणि ज्या प्रभासक्षेत्री सांदीपनींचा पुत्र बुडाला, तेथेही सोमनाथाचे देवालय त्यांनी बांधले.

त्यांचे दुःख या बांधकामांनी निवले असे म्हणण्याचा अधिकार आपणास नाही. एवढेच दिसते की ज्या मातेच्या घरातून माणसामागून माणूस गेले, तिने अनोळखी माणसांच्या पायाखाली दगडी पायरी घातली.

घाट म्हणजे काय, याचाही विचार करावा. उघड्या काठावर चिखल असतो, दरड असते, पाऊल कोठे पडेल याचा नेम नसतो. घाटाने पाण्यापर्यंतची उतरण पायरी-पायरीने मोजून दिली. वृद्धास बसता यावे, बाईस घागर बुडवता यावी, मुलास कमरेइतक्या पाण्यात उभे राहता यावे, अशी ती सोय आहे. आपल्या पूर्वजांनी पुण्यकर्म म्हणून जे बांधले, ते जीवरक्षणाचेही साधन होते. तेव्हा घाटावर साखळी बसवणे, दोर ठेवणे, जीवरक्षक नेमणे ही कामे देवकार्याबाहेरची आहेत असे कोणी समजू नये. ती जुन्याच पूर्तकर्माची पुढची पायरी होय.

पाण्याचे वर्तमान

हे काम किती मोठे आहे ते आकड्यांवरून कळेल. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात अंदाजे तीन लाख माणसे बुडून मृत्यू पावली. त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. भारतात दरवर्षी सुमारे ३८ हजार माणसे अशी जातात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हे मृत्यू टाळण्यासाठी २०२३ मध्ये एक धोरणात्मक आराखडाही जाहीर केला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये ठराव करून २५ जुलै हा दिवस बुडून होणाऱ्या मृत्यूंच्या प्रतिबंधासाठी नेमून दिला. आपल्याकडे हा काळ आषाढ-श्रावणाचा, नद्या भरून वाहण्याचा आणि वाटेवर वारकरी असण्याचा असतो.

त्याच अहवालाची दुसरी बाजू आशेची आहे. २००० सालापासून जगात बुडून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक घटले आहे. बांगलादेशातील खेड्यांत आया कामात असतात त्या सकाळच्या वेळी लहान मुलांना एकत्र सांभाळणारी पाळणाघरे सुरू केली, तेव्हा तेथील बालकांचे बुडणे फार मोठ्या प्रमाणात थांबले. कुंपण, पोहण्याचे शिक्षण, लक्ष ठेवणारे माणूस आणि वेळेवर मिळालेला श्वास, एवढ्याच गोष्टींनी मुले वाचतात. यांतील एकही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक भाविकाने मनात धरावी. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याखाली जाते-येते, श्वास घेण्यातच त्याची शक्ती संपते, हाक मारण्यास उसंत राहत नाही. पाण्यातील मूल एकाएकी गप्प झाले तर प्रथम त्याच्याकडे पाहावे. सारा प्रसंग एका मिनिटाच्या आत घडून जातो.

स्नानास जाणाऱ्या भाविकांस नम्र सूचना

१. लहान मुलास पाण्यात किंवा काठावर हाताच्या अंतरावर ठेवावे. मोठ्या भावंडावर सोपवून पूजेस बसू नये. कुटुंबातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने त्या वेळी स्नान न करता केवळ मुलांकडे लक्ष द्यावे. ही त्या व्यक्तीची त्या दिवसाची सेवा समजावी.

२. पाण्याखालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते आणि शेवटच्या पायरीपुढे एकदम खोली असते. जेथे पायरी दिसत नाही तेथे पाऊल टाकू नये. वाळू उपशामुळे नदीपात्रात खड्डे पडलेले असतात. काल गुडघ्याइतके पाणी होते म्हणून आज तेवढेच असेल असे धरून चालू नये.

३. वरच्या धरणातून पाणी सोडले की पाऊस नसतानाही पातळी चढते. ध्वनिक्षेपकावरील सूचना ऐकताच पात्रातून बाहेर यावे. नृसिंहवाडीस पुराचे पाणी श्रींच्या पादुकांवरून वाहून दक्षिणद्वाराने बाहेर पडते आणि त्या सोहळ्यात स्नान करण्याची भाविकांची उत्कंठा असते. अशा वेळी सेवेकऱ्यांनी थांबा म्हटले तर ती देवाचीच आज्ञा मानावी. लांबून हात जोडले तरी दर्शन पोहोचते.

४. नावेत क्षमतेहून अधिक माणसांनी बसू नये आणि जीवरक्षक जाकिटावाचून मुलास बसवू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटकेसाठी निघालेली नाव उलटून अनेकांचे प्राण गेले, हे विसरू नये.

५. कोणी बुडत असेल तर पोहता येत नसताना उडी घेऊ नये. एकास वाचवताना दुसरा जातो. काठावरून उपरणे, धोतर, साडी, काठी पुढे करावी. दोर, झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेकावा. मोठ्याने हाक देऊन नावाड्यास व जीवरक्षकास बोलवावे.

६. बाहेर काढलेल्यास उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे यांत वेळ दवडू नये. उताणे निजवून श्वास पाहावा. श्वास नसेल तर ताबडतोब तोंडाने दोन श्वास द्यावेत, मग छातीच्या मधोमध जोराने व भराभर तीस वेळा दाब द्यावा, आणि मदत येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आलेल्यासही रुग्णालयात नेलेच पाहिजे.

७. भक्तनिवासात उतरल्यावर भरलेली बादली किंवा पिंप रांगत्या मुलाच्या आवाक्यात उघडे ठेवू नये. लहान जिवास तेवढे पाणीही पुरते.

स्मरणार्थ दान करू इच्छिणाऱ्यांस

अकाली गेलेल्या लेकराच्या नावे दान करावयाचे असल्यास अभिषेक व अन्नदान आहेच. त्याबरोबर पुढील कार्यांचाही विचार व्हावा, अशी विनंती आहे.

आपल्या गावच्या किंवा क्षेत्राच्या घाटावर लोखंडी साखळी व कठडा बसवणे. दोर बांधलेली तरंगती कडी ठिकठिकाणी टांगणे. खोलीचे फलक मराठीसह कन्नड, तेलुगू व हिंदीत लावणे, कारण यात्रेकरू परराज्यांतूनही येतात. पर्वकाळात व पावसाळ्यात नेमलेल्या जीवरक्षकांचे मानधन देणे. नदीची नस ओळखणारे कोळी व नावाडी बांधव आजवर कितीतरी जीव वाचवीत आले आहेत. त्यांना दोर, जाकिटे व प्रथमोपचाराचे शिक्षण मिळवून देणे. गावातील कठडा नसलेल्या विहिरीस कठडा व जाळी बसवणे. शेततळ्यास कुंपण घालणे. त्यातील प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही आणि पडलेल्यास वर येता येत नाही, म्हणून गाठी मारलेला दोर काठाशी पक्का बांधून आत सोडणे. शाळेतील मुलामुलींना जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहण्यास शिकवणे. पूर्वी खेड्यात पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून विहिरीत पोहणे शिकवीत असत. ती विद्या आता मागे पडत चालली आहे आणि मुलींच्या वाट्यास तर ती फारशी आलीच नाही.

दानाचे प्रमाण ज्याचे त्याने ठरवावे. कर्ज काढून दान करू नये. दुःखाच्या पहिल्या भरात कोणी मोठी रक्कम मागत असेल तर थांबावे. वर्षाने दिले तरी दानाचे मोल तेवढेच. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेसच द्यावे, रीतसर पावती घ्यावी आणि रक्कम कोणत्या कामी लागली हे विचारावे. विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. ज्यांना धन देणे शक्य नाही त्यांनी पर्वकाळात एक दिवस घाटावर उभे राहून मुलांकडे लक्ष ठेवावे. त्या सेवेचे मोल शिळेवर कोरलेल्या नावाहून उणे नाही.

नावाची शिळा लावावी की लावू नये, असेही विचारले जाते. लावण्यास हरकत नाही. आईबापांना त्या नावावरून हात फिरवावासा वाटतो, तो मोह नव्हे. मात्र शिळेपाशी दोर नसेल, किंवा असलेला दोर कुजला असेल, तर ते नाव एकटे पडते. म्हणून दरवर्षी त्या लेकराच्या तिथीस येऊन साखळी ओढून पाहावी, दोर बदलावा, फलकावरची धूळ पुसावी. ज्यास शास्त्राने वार्षिक उदक सांगितले नाही, त्याची तिथी अशा रीतीने पाळली जाईल. आणि त्याच दिवशी कोणा अनोळखी आईचे मूल त्या साखळीस धरून पाण्यात उभे असेल. तिला तुमचे नाव ठाऊक नसेल. स्नान आटोपून ती मुलाचे डोके पुसेल आणि त्यास दर्शनास घेऊन जाईल.

सज्जनहो, संयमनीच्या दारापर्यंत जाऊन गेलेले लेकरू परत आणणे हे भगवंताचेच सामर्थ्य. ते आपणाकडून कोणी मागितलेले नाही. आपल्या वाट्यास अलीकडचा काठ आला आहे. येथे पायरीवर उभे राहून निसटणारा हात धरणे एवढे माणसास साधते, आणि ते ज्याच्या नावाने घडते त्याचे स्मरण पवित्र होते.

ज्यांची ओंजळ रिकामी आहे त्या सर्व मातापित्यांस श्रींनी धीर द्यावा, आणि आज स्नानास उतरलेले प्रत्येक लेकरू सुखरूप घरी परतावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥